३८४ जणांची डॉक्टरकी

वाणिज्य शाखेतले पीएचडीचे पाचदहा प्रबंध काढा आणि थेट 'संशोधन पद्धती'च्या प्रकरणात शिरा. नमुना : ३८४. विषय नागरी सहकारी बँकांचा असो, जीएसटीचा असो, नाहीतर साखर कारखान्यांच्या खेळत्या भांडवलाचा, हा आकडा कुठे ना कुठे भेटतोच. क्रेजसी आणि मॉर्गन या जोडीने १९७० साली एक तक्ता छापला होता. लोकसंख्या दहा लाख असली तरी ३८४ जणांना विचारलं की भागतं, असा त्याचा हिशेब. अट एवढीच, की ती माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कसलीही निवड न करता उचललेली हवीत. आपल्याकडे तक्ता आला, अट वाटेत कुठेतरी उतरली. मग गाईडच्या कॉलेजातली टीवायबीकॉमची पोरं, मेव्हण्याचं ऑफिस आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला गुगल फॉर्म. "प्लीज भरा, दोनच मिनिटं लागतात."

फॉर्ममधला प्रश्न असा : 'बँकेच्या आर्थिक व्यवहारांत पारदर्शकता आहे असे आपणास वाटते काय?' पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. विषय लेखाशास्त्राचा, पण कीर्द नाही, खतावणी नाही, बिलं-पावत्यांची फाईल नाही. हिशेब बरोबर आहे का हे लोकांना विचारून ठरवायचं! मग ते सगळं एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचं (किंवा घालून देणाऱ्याला पैसे द्यायचे, असा माणूस विद्यापीठाच्या आसपास सापडतो), शून्य गृहीतक नाकारायचं आणि शिफारशींकडे वळायचं : कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, ग्राहकांसाठी पिण्याच्या पाण्याची सोय करावी.

सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. खातेदाराला सुरुवातीला काढता येत होते फक्त हजार रुपये. चौकशीत निघालं, की एचडीआयएल या बिल्डर गटाची कर्जं झाकण्यासाठी बँकेने २१,०४९ बनावट खाती दाखवली होती. एकूण कर्जं ८,८०० कोटींच्या आसपास आणि त्यातली सुमारे साडेसहा हजार कोटींची एकाच गटाच्या दारात. आता निर्बंधांच्या आदल्या आठवड्यात कुणी ती प्रश्नावली घेऊन बँकेच्या दारात उभं राहिलं असतं तर? रांगेतले सगळे 'पूर्णतः सहमत' म्हणाले असते. पारदर्शकता अगदी पंचतारांकित. उलट रिझर्व्ह बँकेपुढे ठेवलेल्या कर्जखात्यांच्या यादीतूनच कुणी ३८४ नावं खरोखर चिठ्ठ्या टाकून काढली असती आणि एकेकाचा पत्ता शोधत गेलं असतं, तर नसलेला कर्जदार पहिल्या दिवसातच हाती लागला असता. तक्ता वाईट नाही हो. तो नको तिथे लावतात.

संशोधकाची बाजूही ऐकू. बँकेत गेलं की साहेब चहा देतात, अध्यक्षांच्या फोटोचा वार्षिक अहवाल देतात आणि दप्तर मागितलं की बोर्डाची परवानगी आणायला सांगतात. ती परवानगी येईपर्यंत गाईड निवृत्त. शिवाय त्याला घाई असते, आणि ती घाई दिल्लीने लावलेली. यूजीसीने २०१८ मध्ये सांगितलं, की जुलै २०२१ पासून विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागणारच. कोरोनात ती तारीख जुलै २०२३ वर गेली. तो जुलै उजाडताच सांगितलं, की नेट-सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक. मधल्या काळात तासिका तत्त्वावर चार कॉलेजं फिरणाऱ्या किती जणांनी कर्ज काढून नोंदणी केली, याचा प्रबंध मात्र मला वाचायचाय.

तपासणी होतच नाही असं नाही. यूजीसीच्या २०१८ मधल्याच दुसऱ्या नियमांनुसार प्रबंध सॉफ्टवेअरमधून जातो. मजकुराचं साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं, साठच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. म्हणजे शब्द कुणाचे हे यंत्र सांगतं. आकडे कुठून आले हे विचारायला यंत्रही नाही आणि माणूसही नाही. लेखाशास्त्रात!

परदेशात सगळे हरिश्चंद्र आहेत असं समजू नका. अमेरिकेतल्या बेंटली विद्यापीठात जेम्स हंटन नावाचे लेखाशास्त्राचे नावाजलेले प्राध्यापक होते. ऑडिटरांनी घोटाळा कसा हुंगावा, यावर त्यांचा २०१० चा निबंध. एका बड्या ऑडिट फर्मच्या अमेरिकेतल्या दीडशे कार्यालयांत प्रयोग केल्याचा दावा त्यात होता. कुणीतरी कार्यालयं मोजली. तेवढी त्या फर्मकडे नव्हतीच. २०१२ मध्ये निबंध मागे घेतला गेला, प्राध्यापकांनी राजीनामा दिला आणि पुढे त्यांचे तिसाहून अधिक निबंध रद्द झाले. घोटाळा ओळखण्याच्या शास्त्रात घोटाळा, पण निदान मोजणारा कुणीतरी निघाला.

आपल्या व्हायवात बाहेरचे परीक्षक विचारतात, संदर्भसूची एपीए पद्धतीने आहे ना? आहे म्हटलं की टाळ्या, शाल, श्रीफळ, जेवण. त्याऐवजी त्यांनी गठ्ठ्यातले दहा फॉर्म उपसावेत आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्या दहा जणांना फोन लावावेत. सीएच्या ऑफिसातली आर्टिकलशिपची पोरं पहिल्या महिन्यात हेच शिकतात : नोंद उचलायची आणि तिच्यामागचा पुरावा पाहायचा. त्याला व्हाउचिंग म्हणतात. विद्यापीठ लगेच हरकत घेईल, की फोनचा खर्च कोणत्या खात्याला नावे टाकायचा? ते सांगायला वाणिज्य विभागात इतके डॉक्टर बसलेत की.