नापास, पण पहिला!

मुलांच्या सिनेमात अपयशाला मोठा मान असतो; अट एवढीच की ते शेवटच्या रिळाच्या आत आटोपलं पाहिजे. 'तारे जमीन पर' (२००७) घ्या. प्रत्येक मूल वेगळं, त्याला शर्यतीत पळवू नका, असं तो अडीच तास बजावतो. पालक हुंदके देतात. आणि शेवटी काय? चित्रकलेची स्पर्धा! त्यातल्या छोट्या नायकाचा, ईशानचा, पहिला नंबर, वर त्याचं चित्र शाळेच्या वार्षिकांकावर. पोरगा सातवा आला असता तर रुमाल तितकेच भिजले असते का, कोण जाणे.

'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' (२०१३) मात्र वात्रट निघाला. त्यातला एकडोळ्या राक्षस माइक मुलांना घाबरवायला शिकण्यासाठी पुस्तकं कोळून पितो, जिद्दीत तसूभर कमी पडत नाही. तरी त्याचं तोंड बघून मुलं काही घाबरत नाहीत. विद्यापीठातून हकालपट्टी होते, ती रद्दही होत नाही. ज्या कंपनीत नामांकित 'घाबरवणारा' व्हायचं, तिथेच टपाल विभागात पत्रं निवडण्यापासून सुरुवात! प्रयत्नांती परमेश्वर म्हणणाऱ्या घरात हे कसं पचायचं? म्हणून घरोघरी पहिल्याच सिनेमाचे दाखले.

रविवारी डोळे पुसत 'मार्कांचं काय एवढं?' म्हणणारे आईबाप सोमवारी चाचणीचा पेपर हातात आला की पहिलं विचारतात, "वर्गात हायेस्ट कोणाला?" तेव्हा पालकहो, पुढच्या वेळी पोरांना खाली खेळायला पाठवा आणि सिनेमा तुम्हीच बघा.