निरोप आला, धुणं झालं!

मोबाइलवरून चालणारी वॉशिंग मशीन शहरातल्या दुकानात आली, की बिदरशेजारच्या कोळारला यायला किती वेळ? मशीन कपड्यांचं वजन ओळखते, बेतानं पाणी घेते, काम उरकलं की मोबाइलवर निरोप धाडते. ड्रायर कपड्यातला ओलावा तपासून आपणहून थांबतो. दगडावर धुणं आपटून जिची कंबर गेली, तिला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही.

पण टाकीत पाणी लागतं, टाकी भरायला वीज लागते, आणि दोघांची गाठ घालून देणारं ॲप अजून निघालेलं नाही. बोअरचं पाणी जड असेल तर मशीनमधल्या हीटरवर क्षाराचे थर चढतात. ते काढायला मेकॅनिकच्याच विनवण्या कराव्या लागतात. ड्रायरचं म्हणाल, तर मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो. गच्चीवर चादरीचं दुसरं टोक पसरेपर्यंत पहिलं वाळतं. तरी वीज जाळून टॉवेल वाळवायचा असेल, तर हौसेला मोल नाही.

याच जिल्ह्यातल्या बसवकल्याणात 12व्या शतकात मडिवाळ माचिदेव धुणं धूत. शिवभक्त शरणांखेरीज कुणाचे कपडे घ्यायचे नाहीत, असा त्यांचा नेम सांगतात. मशीन मात्र कुणाचेही घेते, आधी वायफायचा पासवर्ड तेवढा मागते.

धुणं झाल्याचा निरोप नवऱ्याच्या मोबाइलवर येतो आणि तो पलंगावरूनच ओरडतो, "अगं, धुणं झालं बघ!" मशीन जरूर घ्या, वहिनी. पण निरोप ज्याला येतो, कपडे काढायलाही त्यालाच उठवा.