धड एकदाच काढायचं

चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या प्रत्येक शेडला एक जॉबर असतो आणि प्रत्येक जॉबरला एक खूळ. आमच्या अण्णांचं खूळ कार्टून. गंमत म्हणजे कार्टून बघताना त्यांना हसलेलं कुणी पाहिलेलं नाही. नातू टीव्हीसमोर लोळून हसतो, तेव्हा अण्णा फोल्डिंग खात्यात टॉवेलचं चेकिंग करावं तसे पडद्याला डोळा लावून बसतात. “तेच झाड बघ बे, चौथ्यांदा आलं!” नातू रडकुंडीला.

टपरीवर विषय पगारवाढीचा का असेना, अण्णा तो 1915 सालावर नेऊन सोडतात. दादासाहेब फाळक्यांची ‘आगकाड्यांची मौज’ त्या सालची. काडी जराशी सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. हे दाखवता दाखवता टपरीवाल्याची काडेपेटी रिकामी होते. मग ‘प्रभात’चा 1934 सालचा ‘जंबूकाका’ सुरू होतो आणि चहाची सुट्टी संपते. त्यामुळे शेडमध्ये सगळ्यांना जंबूकाकाचं नाव पाठ आहे, पुढचं कुणालाच नाही. टॉम मांजराचं 1940 सालच्या पहिल्या फिल्ममधलं नाव जॅस्पर होतं, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा बंद पडलेला माग अण्णा शेवटी दुरुस्त करतात, अशी वदंता आहे.

पण त्यांचा खरा जीव टॉम-जेरीच्या कर्त्यांवर, हॅना-बार्बेरा जोडीवर. या मांजर-उंदरांनी सात ऑस्कर आणले, तरी एमजीएमने 1957 साली कार्टूनचं खातंच बंद केलं. जोडी टीव्हीकडे वळली. थिएटरातल्या सात मिनिटांना 10,080 चौकटी लागत. टीव्हीवाले तेवढा पैसा कुठला सोडणार? मग जोडीने काटकसर शोधली.

“योगी अस्वलाच्या अंगात शर्ट नाही, मग गळ्यात कॉलर आन् टाय कशाला?” अण्णा प्रत्येक नव्या पोराला विचारतात. पोरगं गप्प. “धड एकदाच काढायचं! हलवायचं नुसतं मुंडकं. सांधा कॉलरखाली झाकला की झालं की काम!” इथे अण्णांचा गळा दाटून येतो. जॅकार्डवर एका मोराच्या डिझाइनमधून हजार मोर विणणाऱ्या माणसाला ही विद्या घरचीच वाटणार.

उन्हाळ्यात गिऱ्हाईकाकडून एक साहेब तपासणीला आले. बाहेर सोलापूरचं ऊन आणि साहेबांच्या गळ्यात टाय. मागांसमोर ताठ उभं राहून, हात खिशात घालून, साहेब बोलत राहिले. मालक माना डोलवत होते. अण्णा मात्र साहेबांची कॉलर न्याहाळत होते. शेवटी मला कोपर मारून म्हणाले, “स्वस्तातलं काम आहे बे. धड एकदाच काढलंय.”