पहिल्या गिअरमधला गोवा

पुण्याहून गोवा साधारण साडेचारशे किलोमीटर. माणसं रात्री स्वारगेटला बसमध्ये झोपतात नि सकाळी म्हापशाला उठतात. काही मंडळींना मात्र हे अंतर फारच किरकोळ वाटलं. म्हणून 2014 पासून 'डेक्कन क्लिफहँगर' ही सायकल शर्यत सुरू झाली आणि तिच्यापुरता गोवा 643 किलोमीटरवर गेला. वरचे दोनशे कशाला? घाट कमी पडू नयेत म्हणून. बरा हायवे सोडून ही मंडळी वाईहून पसरणीचा घाट चढत पाचगणीला जातात. आमची पिढी तिथे स्ट्रॉबेरी क्रीम खायला जायची.

भाच्यानं यात एकट्यानं उतरायचं ठरवलं आणि ताईचा फोन आला. "तू जा रे त्याच्याबरोबर. तुला काय, गाडीत तर बसायचंय!"

सायकलमागे गाडी हवी, गाडीत चालक हवा, ओआरएस कालवायला माणूस हवा. आमच्या घरात रिकामा मामा एकच. ताशी वीसचा वेग धरला तरी 643 किलोमीटरला 32 तास होतात. घोड्यामागच्या वरातीसारखं, पण बँडशिवाय, 32 तास चालायचं! घाटात वेग इतका उतरतो की क्लचवरचा डावा पाय आपला आहे की शेजाऱ्याचा, कळत नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून दमले. शेवटी एकानं खाली वाकून मायेनं विचारलं, "काका, धक्का मारू का?"

कोल्हापूर आलं ते अशा वेळी की तांबडा-पांढरा झोपलेला होता. भाचा मीठ लावलेला बटाटा चावत पुढे, मी त्याच्या मागच्या दिव्याकडे बघत मागे. ताईचा तासातासाला फोन: "जेवला का तो?" 'तो' म्हणजे मी नव्हे.

ही शर्यत 'रेस अक्रॉस अमेरिका'साठी पात्र ठरवते. तिथे साधारण 4800 किलोमीटर, 12 दिवसांत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये जोडीनं ती पुरी केली. 2017 मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्यानं. चौघांना दंडवत. पण त्यांच्या मागच्या गाड्या कोणी हाकल्या, हे कोणी छापत नाही. त्याच अमेरिकेत, कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी, लोक म्हणे पैसे भरून 200 मैल मुद्दाम खडीवरून सायकल चालवतात. पुण्यात ही सोय मिळकतकरातच होते.

गोव्यात भाच्याच्या गळ्यात पदक पडलं, फोटो निघाले. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "मामा, तुझं बरंय, बसून आलास."

तेव्हा वाचकहो, कोणी "गोव्याला चल, गाडीत जागा आहे" म्हणालं, तर हॉटेल कुठलं ते नंतर विचारा. आधी विचारा, पुढे सायकल आहे का?