सर्व खुशाल

‘निवृत्तीनंतर सर ख्यालीखुशालीत जगताहेत,’ अशी सूत्रसंचालकानं माझी ओळख करून दिली आणि मागच्या रांगा खिदळल्या. बिचाऱ्याला ‘खुशाल आहेत’ म्हणायचं होतं. पण मराठी भाषा गौरव दिनाला मोल्सवर्थचा कोश, तोही १८५७च्या आवृत्तीचा, काखेत मिरवत हिंगोलीहून वसमतला एसटीनं आलेला माणूस असलं काही सोडून देत नसतो.

माइक ओढला. फारसीत खुश म्हणजे चांगला, हाल म्हणजे स्थिती. मराठीनं मधला ‘ह’ गिळला. खुशाल पोस्टकार्डावर सभ्यपणे बसला. पुढं क्रियाविशेषण होऊन उंडारला: ‘खुशाल जा’, ‘खुशाल खोटं बोलतो’. मग चेंडूच्या आणि ख्यालीच्या संगतीला लागून पार वाया गेला. इंग्रजीतल्या ‘वॉन्टनली’चीही चाल बिघडलेलीच. मुळात वळण नसलेल्या पोरासारखं, मग बाहेरख्यालीपणानं, आणि आता विनाकारण नासधूस करावी तसं.

इथं थांबलो असतो तर टाळ्या पडल्या असत्या. पण हाल राहिला होता! फारसीत हाल बरे असतात, वाईटही असतात. आपण त्यातले बरे तेवढे वगळले. आपल्याकडे हाल म्हणजे हालच. १९४८पर्यंत इकडं निजामाची उर्दू. कचेरीत कुणी ‘क्या हाल है?’ विचारलं की आमचे आजोबा प्रामाणिकपणे सांगत, ‘लई हाल हायेत.’ यावर मी वीस मिनिटं बोललो. लोक खुशाल उठून गेले.

घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, ‘त्या लेकरानं चांगलंच म्हणलं होतं की. हाल तुम्ही केले.’

रागानं आजोबांची जुनी कार्डं काढली, पुरावा म्हणून. १९७२चं एक हाती लागलं, औंढ्याजवळच्या गावाहून वडिलांना लिहिलेलं. दुष्काळाचं साल. शाई फिकी, अक्षर टपोरं: ‘इकडील सर्व खुशाल. विहीर आटली. गोऱ्हा विकला. आपली खुशाली कळवावी.’

बायकोला दाखवायला घेतलेलं कार्ड हातातच राहिलं. मोल्सवर्थ टेबलावर पडून होता.

तेवढ्यात फोन वाजला. सूत्रसंचालक. ‘सर, पोचलात ना नीट? एसटीत जागा मिळाली?’

‘पोचलो,’ म्हटलं. ‘ख्यालीखुशालीत आहे.’