मोदकाचा पत्ता

घरातल्या बायकांच्या पाककृतींची एक वेबसाइट करायचं ठरलं, तेव्हा वर्गवारीचं खातं माझ्याकडे आलं. ज्याला स्वयंपाकघरात कोणी फिरकू देत नाही, त्याच्या वाट्याला अशी खाती येतात. मी मन लावून काम केलं. सगळ्यात वर पाककृती, तिच्या पोटात गोड पदार्थ, त्यांच्या पोटात पक्वान्नं, मग तांदळाची पक्वान्नं, त्यांत उकडीची, आणि सरतेशेवटी उकडीचे मोदक. साइट उभी करणारा माझा भाचा ही उतरंड बघून म्हणाला, "मामा, मोबाइलवर हे उजवीकडे सरकत सरकत पडद्याबाहेर जाईल. दोन पातळ्यांच्या खालचं काही दाखवायचं नाही."

सोय अगदी सोपी आहे. वर्डप्रेसमध्ये वर्गांची यादी दाखवताना 'डेप्थ' नावाचा एक आकडा देता येतो. शून्य दिला की सगळ्या पिढ्या हजर. एक दिला की फक्त वडीलधारे. दोन दिला की त्यांची मुलंही. नातवंडं घरात असतात, पण पाहुण्यांसमोर येत नाहीत. आणि उणे एक दिला, तर लहानथोर सगळे एकाच पंगतीला, तेही अकारविल्हे. मग 'पक्वान्नं' आधी बसतात आणि 'पाककृती' त्यांच्यामागून येते. नात पाटावर, आजी ताटकळत.

दोन पातळ्यांत संसार होतो, हे मला मान्य आहे. समर्थांनी दासबोधात 20 दशक केले, प्रत्येकात 10 समास, आणि अध्यात्मापासून अक्षर कसं काढावं इथपर्यंत सगळं त्या 200 समासांत बसवलं. उपसमास ही भानगडच ठेवली नाही. पण भाच्याने दोनाचा आकडा टाकला आणि मोदक दिसेनासे झाले. तसे ते पुसले गेले नव्हते. नेमका पत्ता टाकला तर पान उघडत होतं. मात्र ज्याला पत्ता पाठ आहे, त्याला यादी कशाला लागते?

खालच्या पातळीवर कोण जाणार, हे यादी करणाराच ठरवतो. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने 1876मध्ये सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले. त्यातला आठशेचा भाग साहित्याचा. इंग्रजी साहित्याला त्यात 820 हा ऐसपैस आकडा मिळाला. मराठीला शोधायचं तर 890मध्ये, म्हणजे 'इतर भाषां'त शिरायचं, तिथून 891, मग 891.4, तेव्हा कुठे 891.46 हाती लागतो. कादंबरी हवी असेल तर पुढे आणखी एक 3. या उतरंडीला भाच्याची कात्री लावली, तर इंग्रजी दारात उभी दिसेल आणि आपण सगळे 'इतर'मध्ये.

यावर उतारा काढला तो आपल्याकडच्या माणसाने. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक, पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी 1933मध्ये कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केलं. एका वस्तूला एकाच फांदीवर टांगण्याऐवजी तिची अंगं वेगवेगळी सांगायची, अशी त्यांची रीत: वस्तू मुळात कोण, कशाची, तिच्यावर काय क्रिया, स्थळ कुठलं, काळ कुठला. मोदकाला ही रीत काय शोभते! पदार्थ मोदक, द्रव्य तांदूळ, क्रिया उकडणं, स्थळ कोकण, काळ भाद्रपद. माझ्या उतरंडीत उकडीचा मोदक तांदळाच्या घरात होता आणि तळणीचा गव्हाच्या. दोघांची गाठ पडायची शक्यता नव्हती. वास्तविक दोघांचा गणपती एकच.

भाच्याला रंगनाथन पटले, पण तेवढं काम पुढच्या सुट्टीत करू म्हणाला. तोवर दोनावरच तह झाला. मी फक्त उपवासाचे पदार्थ फराळाच्या पोटातून काढून थेट वर आणून बसवले.

"मामा, उपवास हा फराळाचा उपप्रकार आहे. तो वर कसा येईल?"

"एरवी असेल. आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री साबुदाण्यात पाणी किती घालायचं हे ज्याला बघायचंय, त्याला जाऊन सांग."

त्याने डोकं खाजवलं आणि उपवास वर राहू दिला. मग त्याच न्यायाने मोदक दुसऱ्या पातळीवर आले, आणि त्यांच्या डोक्यावरचे गोड पदार्थ, पक्वान्नं, तांदळाची, उकडीची हे सगळे मधले वर्ग मी एका दुपारी बरखास्त केले. ते गेल्याचं अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. मधल्या पदांचं बहुधा असंच असतं.