खरपुडीच्या नियोजित नवनगरास अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान नियोजित नवनगर,
मु. पो. नकाशा, मौजे खरपुडी, ता. जि. जालना.

विषय : आपल्या आगमनापूर्वी पाण्याची सोय करण्याबाबत.

महोदय,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आपला अजून जन्मच व्हायचा आहे, तेव्हा अरे-तुरे केलं असतं तरी चाललं असतं. पण आपल्या नावापुढं सुमारे ९०० कोटी रुपयांचा आकडा लागला होता, आणि माणसाला नसली तरी रकमेला अहो-जाहो करायची आमच्याकडं रीत आहे.

न जन्मताच आपण जेवढं भोगलंत तेवढं एखाद्या शहराला शंभर वर्षांत भोगायला मिळत नाही. सिडकोसारख्या मातब्बर संस्थेनं आपल्याला हाती घेतलं. २०२० मध्ये आपण व्यवहार्य नाही असं ठरलं आणि फाईल मिटली. २०२३ मध्ये तीच फाईल उघडली, तेव्हा आपण व्यवहार्य झाला होतात. मधल्या तीन वर्षांत खरपुडीच्या शिवारात काय बदललं म्हणावं, तर माती तीच, पाऊसमान तेच. मुंबईतलं सरकार तेवढं बदललेलं. मग तक्रारी झाल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आपल्याला स्थगिती देऊन चौकशी लावली. एक वीट न रचता एवढं सगळं! आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या नालीच्या नशिबी यातली एखादी तरी मंत्रालयवारी असती, तर आम्ही तिचा सत्कार केला असता.

आपल्या जातीचा मोठा गुण म्हणजे, आपण आला नाहीत तरी जमिनीला भाव येतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं याची वाट सोपी करून ठेवली आहे. आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या भावाची निम्मी काढायची, त्यांची सरासरी धरायची आणि वर १०० टक्के दिलासा रक्कम द्यायची. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं शेतकरी होता, यात शंका नाही. पण मोबदला मिळतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, आणि अधिसूचना निघेपर्यंत तिथं शेतकऱ्याचंच नाव राहील असं कलम कायद्यात नाही.

हे केवळ आपल्यापुरतं म्हणत नाही. समृद्धी महामार्ग, त्याच्या इंटरचेंजभोवतीची कृषी समृद्धी नगरं, २०१५ मध्ये पायाभरणी झालेलं ड्रायपोर्ट, जालना–नांदेड द्रुतगती मार्ग हे सगळे आपले थोरले-धाकटे भाऊ. यातल्या कुणाचंही नाव निघालं की रस्त्याकडेच्या हॉटेलात तेच नाटक रंगतं. चहाचा कट बाजूला सरकतो, मोबाईलवर धूसर नकाशा उघडतो, त्यावर एक तांबडी रेघ. दोन बोटांनी ती मोठी करायची आणि विचारायचं, ‘गट नंबर किती?’ मग ‘रोडटच आहे का?’ मग ‘मालक कुठं राहतो?’ तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की संध्याकाळी इसाराचे पैसे बांधावर. मालकाच्या हातात अधिकृत नकाशा पडतो तेव्हा फेरफारही झालेला असतो. विकास आराखडा सर्वांसाठी असतो असं आम्ही पुस्तकात वाचलं होतं. तो सर्वांना एकाच दिवशी दिसतो असं मात्र पुस्तकातही लिहिलेलं नव्हतं.

आता थोडं आमच्याविषयी. आपल्याला ‘नवा जालना’ म्हणावं तर ते नाव कधीच दुसऱ्याकडं गेलं. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा, आणि तो नवाही आता चांगलाच म्हातारा झाला आहे. बियाण्यांनी आणि सळयांनी या गावाला नाव दिलं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको ही बियाणे कंपनी काढली, तेव्हा कुणी महानगराचं संकल्पचित्र रंगवलं नव्हतं. २०११ च्या जनगणनेत आम्ही २,८५,५७७ होतो. २०२३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. पाटी मोठी झाली, नळ होता तेवढाच राहिला. पैठणहून जायकवाडीचं पाणी अंबडमार्गे येतं, तरी आठ-आठ, दहा-दहा दिवसांची पाळी ऐकून इथं कुणी दचकत नाही. दरम्यान शहर स्वतःच्या हिमतीनं वाढतं. वावरात चुन्याच्या फक्क्या पडतात, दीड-दोन गुंठ्यांचे तुकडे होतात, आधी घर बांधलं जातं, मग रस्ता शोधला जातो, आणि शेवटी २००१ चा गुंठेवारी कायदा येऊन सगळं नियमित करतो. नियोजन आमच्याकडंही आहे, फक्त ते घरभरणीनंतर येतं.

आपण ज्या खरपुडीत उतरणार होता, तिथं आपल्या आधीपासून एक बिऱ्हाड आहे, कृषी विज्ञान केंद्र. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचं ते काम. याच मंडळींनी १९९० च्या दशकात कडवंची गावात पाणलोटाचं काम उभं केलं. आधी माथ्यावर चर, मग बांधबंदिस्ती, मग ओढ्यावरचे बंधारे, आणि त्यानंतर शेततळी व द्राक्षबागा. पाणी किती मुरलं ते बघून गावानं काय पिकवायचं ते ठरवलं. प्रादेशिक नियोजन म्हणतात ते हेच असावं, पण त्यात प्लॉट पडत नसल्यामुळं कुणी तसं म्हटलं नाही. समृद्धी महामार्ग मात्र याच कडवंचीच्या शिवारातून गेला. रेघ मारणाऱ्याच्या नकाशावर पाणलोटाचा थर नसावा.

म्हणून नम्र विनंती. आपण येऊच नये असं आमचं म्हणणं नाही. शहरं वाढणार, मराठवाड्यातल्या पोरांना पुण्याच्या गाडीत बसवण्यापेक्षा इथंच काही उभं राहिलं तर हवंच आहे. पण येताना पाणी कुठून आणि सांडपाणी कुठं, ही दोन उत्तरं आधी पाठवावीत, संकल्पचित्रातलं कारंजं मागाहून आलं तरी चालेल. आणि चौकशीत दिवस रिकामे जात असतील तर आपले रस्ते, गटारं आणि बागा तेवढ्या उसन्या द्याव्यात. कुंडलिका आणि सीनेच्या काठावर त्यांचा लगेच उपयोग होईल. तिथं माणसं राहायला आलेली आहेत, त्यामुळं व्यवहार्यतेचा अहवाल मागवावा लागणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक करदाता, जुना जालना

प्रत माहितीस्तव :
१) खरपुडीचे शेतकरी. इसारपावतीवर सही करण्याआधी समोरच्याचा मोबाईल मागून नकाशा पाहून घ्यावा.
२) नकाशावर रेघा मारणारे सर्व मान्यवर. आपल्या नातेवाइकांच्या आधी आम्हाला कळवावे.
३) घाणेवाडी तलाव. निजामाच्या राजवटीपासून विजेविना, निव्वळ उताराच्या जोरावर आपण शहराला पाणी पाठवत आहात. पुढील आवश्यक कार्यवाही, नेहमीप्रमाणे, आपणच करावी.